डॉट इन नाव नेमकं कोणाचं? एका बेदाणा व्यापाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडचे एक बेदाणा व्यापारी. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने त्यांना वेबसाइट करून दिली, पेढीच्या नावाचं डॉट इन डोमेनही त्यानेच घेतलं. मुलगा आता बंगळूरला नोकरीला आहे, फोन उचलत नाही आणि डोमेनची मुदत दोन महिन्यांत संपते आहे. व्यापारी तीन गोष्टी विचारतात. पैसे मी दिले, मग मालक मीच ना? डॉट इन सरकारचं आहे, तर सरकारकडे अर्ज करून नाव माझ्याकडे येईल का? आणि उद्या देशाचं नाव ‘इंडिया’ जाऊन फक्त ‘भारत’ राहिलं तर या नावाचं काय होणार?

नव्वदच्या दशकापासून मी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारे संगणक, सांभाळण्याच्या कामात आहे आणि यातला पहिला प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. पैसे कोणी दिले याला डोमेनच्या जगात फारशी किंमत नाही. नोंदीत ‘रजिस्ट्रंट’ म्हणून ज्याचं नाव, डोमेन त्याचं. मुलाला दिलेल्या पैशांची पावती जपून ठेवा, पुढे उपयोगी पडेल, पण तिच्यावर कोणी तुम्हाला नाव देणार नाही. शेतीवाडीच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही, असं वकील म्हणतात, कारण त्याच्यामागे खरेदीखत असतं, फेरफार असतो. डोमेनच्या मागे असं काहीच नसतं. उतारा हाच सगळा कागद. शिवाय तो मुदतीचा असतो. डॉट इन नाव एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी मिळतं. कायमचं ते मोठ्या उद्योगसमूहांनाही मिळत नाही.

तेव्हा आजच एक काम करा. डॉट इनची सगळी नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेला रजिस्ट्री म्हणतात, तिच्या संकेतस्थळावर ‘हूइज’ नावाची शोधसोय आहे, तिथे आपलं डोमेन टाका. रजिस्ट्रार, म्हणजे नाव विकणारी मान्यताप्राप्त कंपनी, कोण, मुदत नेमकी कधी संपते, स्टेटस काय आणि नेमसर्व्हर कोणाचे, एवढं पाहा. व्यक्तीचं नाव, पत्ता, फोन हल्ली उघड दाखवत नाहीत, पण संस्थेचं नाव, राज्य आणि देश बहुधा दिसतो. संस्थेच्या जागी तुमच्या पेढीचं नाव असेल तर अर्धं काम झालं. रजिस्ट्रारला जीएसटीचा दाखला, पॅन वगैरे पाठवून ‘या नोंदीचा संपर्क ईमेल बदलून द्या’ असा अर्ज करता येतो. तिथे मुलाचं किंवा त्याच्या दुकानाचं नाव असेल तर रजिस्ट्रार त्याच्या संमतीशिवाय हात लावणार नाही. तुम्हाला राग येईल, पण नियम योग्य आहे. नाहीतर कोणीही एक पावती दाखवून कोणाचंही नाव घेऊन जाईल.

मुदतीचं जास्त घाबरू नका, पण तिच्याकडे दुर्लक्षही करू नका. मुदत संपली त्याच दिवशी नाव दुसऱ्याला जात नाही. आधी सवलतीचा काळ असतो. तो रजिस्ट्रारवर अवलंबून, काही जण महिनाभर देतात, काही जण अगदीच थोडे दिवस. त्यात नेहमीच्या दराने नूतनीकरण होतं. मग तीस दिवसांचा रिडेम्प्शनचा टप्पा, त्यात नाव सोडवायला बराच जास्त आकार पडतो. शेवटी पाच दिवस ‘पेंडिंग डिलीट’, तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळं, आणि चलती असलेली नावं त्या क्षणी उचलण्यासाठी यंत्रं लावून बसलेली मंडळी जगभर आहेत. काही रजिस्ट्रार नूतनीकरणाचे पैसे कोणाकडूनही घेतात, कारण मुदत वाढल्याने रजिस्ट्रंट बदलत नाही. तुमचा तसा असेल तर आधी वर्षभराचे पैसे भरून मोकळे व्हा, भांडण मागाहून.

वेबसाइट दोन दिवस बंद पडली तर बेदाणे सडत नाहीत. खरी भीती ईमेलची असते. पेढीचा ईमेल त्याच डोमेनवर असेल तर डोमेन ज्याच्या हातात जाईल त्याला तुमची पत्रंही जायला लागतात. त्यात बँकेची पत्रं आली, निर्यातदारांची आली आणि ‘पासवर्ड विसरलात का’ या बटणाने येणाऱ्या दुव्यांचाही त्यात समावेश आहे. लोक वेबसाइटसाठी जिवाचा आटापिटा करतात आणि मेलबॉक्स विसरतात. मी आधी मेलबॉक्स पाहीन.

आता सरकारचा मुद्दा. डॉट इनची रजिस्ट्री निक्सी चालवते, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. ही नफा न वाटणारी कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली आणि ती इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. तिचं मूळ काम वेगळं होतं. पुण्यातल्या एका इंटरनेट कंपनीकडून पुण्यातल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे जाणारी माहिती तेव्हा अनेकदा परदेशाची वारी करून येत असे, ती देशातल्या देशात फिरवण्यासाठी मुंबई, नोएडा, चेन्नई, कोलकाता इथे अदलाबदलीची केंद्रं उभारायची होती. डोमेनची रजिस्ट्री तिच्याकडे त्यानंतर आली. त्यामुळे ‘डॉट इन सरकारचं’ असं म्हटलं तर फार चुकीचं नाही. पण निक्सी तुम्हाला थेट नाव विकत नाही आणि थेट काढूनही देत नाही. तिने मान्यता दिलेले रजिस्ट्रार नावं विकतात, त्यांच्या हाताखाली रिसेलर असतात, आणि तुमचा तो मुलगा बहुधा अशाच एका रिसेलरचा ग्राहक असणार. तुमच्या पेढीपासून निक्सीपर्यंत मधे तीन जण उभे आहेत. तक्रार कोणत्या पायरीवर करायची हे कळलं नाही की माणूस सगळीकडे ईमेल पाठवत बसतो आणि सगळे ‘आमचा संबंध नाही’ म्हणतात. त्यांचं खरंही असतं.

निक्सीच्या वरही एक पायरी आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. इंटरनेटच्या सगळ्या नावांची एक मूळ यादी असते, तिला रूट झोन म्हणतात. त्यात डॉट कॉम, डॉट इन, डॉट जेपी अशी शेवटची टोकं आणि प्रत्येक टोकाचे नेमसर्व्हर कोणते, एवढंच लिहिलेलं असतं. ती यादी आयाना सांभाळते, आणि आयानाचं काम आज आयकॅन या संस्थेकडे आहे. कोणी तुमचं डोमेन टाकलं की त्याच्या मोबाइल कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा संगणक, उजवीकडून डावीकडे वाचत जातो. रूटला विचारतो, डॉट इन कोण सांभाळतं? डॉट इनच्या नेमसर्व्हरला विचारतो, ही अमुक पेढी कोण सांभाळतं? मग पेढीच्या नेमसर्व्हरला विचारतो, वेबसाइटचा आयपी पत्ता काय? दर वेळी एवढी चौकशी होत नाही, कारण मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवलं जातं. रूटमधल्या टोकांच्या नोंदीची ही आठवण दोन दिवसांची असते. ‘नेमसर्व्हर बदलला तरी अजून जुनीच साइट दिसते’ ही तक्रार अशा लक्षात ठेवलेल्या उत्तरांतूनच येते, आणि तिच्यावर वाट पाहणं हाच इलाज.

‘इन’ ही अक्षरं कोणी ठरवली, तर इंटरनेटवाल्यांनी नाही. आयएसओ ३१६६ नावाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्यात प्रत्येक देशाला दोन अक्षरी खूण दिलेली असते. देशांची टोकं ठेवायची हे १९८४ मध्ये ठरलं तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये बसून ही यादी सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांच्यासमोर प्रश्न होता की देश कोणता आणि कोणता नाही हे ठरवायचं कोणी? त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलंच नाही. आयएसओची तयार यादी उचलली. १९९४ मध्ये त्यांनी लिहिलेला आरएफसी १५९१ हा छोटासा दस्तऐवज आजही या व्यवहाराचा पाया मानला जातो. त्यात ते साफ लिहितात की देश ठरवणं हा आयानाचा धंदा नव्हे. त्याच दस्तऐवजात तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आहे. टोकांच्या बाबतीत ‘हक्क’ आणि ‘मालकी’ यांची चर्चा गैरलागू आहे, चर्चा करायची तर जबाबदारीची आणि समाजाला द्यायच्या सेवेची करा, असं त्यांचं म्हणणं. अख्ख्या डॉट इनला जे लागू, ते त्याच्या आतल्या तुमच्या नावालाही लागू आहे. पोस्टेल १९९८ मध्ये गेले. त्यांच्यानंतर या क्षेत्रात वकिलांची संख्या फार वाढली.

डॉट इनची नोंद मूळ यादीत झाली ८ मे १९८९ रोजी, आणि ती गोष्ट मुंबईची आहे. जुहूला एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती. डॉ. एस. रमणी तिचे संचालक. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू केला होता. त्यात एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि खुद्द तो विभाग अशा आठ ठिकाणांना जोडायचं होतं. सुरुवातीचा ईमेल साध्या टेलिफोनवरून जायचा, एक संगणक दुसऱ्याला ठरलेल्या वेळी फोन करायचा आणि साठलेली पत्रं द्यायचा-घ्यायचा. पत्त्यात उद्गारचिन्हं असत, कारण पत्र कोणकोणत्या यंत्रांवरून जाणार हे पाठवणाऱ्यालाच लिहावं लागे. देशाबाहेरचा दरवाजाही जुहूतच होता. पुढे अमेरिकेशी भाड्याची लाइन आली, तिचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आज एक साधा फोटो त्या लाइनवरून पाठवायचा तर तासभर सहज लागेल. त्या लाइनवर देशातल्या मोठमोठ्या संस्थांचा परदेशी पत्रव्यवहार चालायचा. रमणी यांचा २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एनसीएसटी मात्र २००३ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली आणि तिचं नाव आज नव्या मुलांना सांगावं लागतं.

त्या काळचे पत्ते ज्यांनी वापरलेत त्यांना आठवतील. पुणे विद्यापीठ युनिपुणे डॉट अर्नेट डॉट इन होतं, आयुकाही अर्नेटखालीच. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं आणि जीआयएएसपीएन०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन असले पत्ते घराघरांत शिरले. त्यातलं ‘पीएन’ म्हणजे पुणे, मुंबईचं ‘बीएम’. फोनवर पत्ता सांगायला एक रुपयाचं नाणं पुरत नसे.

पण धंदेवाल्यांनी डॉट इनकडे पाठ फिरवली, आणि दोष त्यांचा नव्हता. थेट डॉट इनच्या आधी नाव मिळतच नसे. कंपनीने को डॉट इनखाली यायचं, संस्थेने ओआरजी डॉट इनखाली, दुकान-पेढीने फर्म डॉट इनखाली, व्यक्तीने आयएनडी डॉट इनखाली. वर तुम्ही त्या गटातले आहात याचे कागद द्यायचे. तिकडे डॉट कॉम क्रेडिट कार्डावर काही मिनिटांत मिळत होतं. रेडिफ, नौकरी हे सगळे डॉट कॉमवर वाढले ते उगाच नाही. १९९२ ते २००४ या काळात अख्ख्या देशात डॉट इनखाली जेमतेम ७,००० नावं घेतली गेली. हे वाचून कोणी म्हणेल की तेव्हा इंटरनेटच कमी होतं. होतं, पण त्याच काळात भारतीयांनी डॉट कॉमची रांग लावलीच होती. जपून वापरावी अशी सरकारी जागा म्हणून डॉट इन ठेवलं गेलं, आणि त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. आजही गावातल्या माणसाला ‘वेबसाइट’ म्हटलं की तोंडात डॉट कॉमच येतं.

बदल २००४च्या अखेरीस आलेल्या धोरणाने झाला. रजिस्ट्री निक्सीकडे आली, तांत्रिक यंत्रणा चालवायला आयर्लंडची अफिलियास ही कंपनी नेमली. जानेवारी २००५ मध्ये आधी ट्रेडमार्कवाल्यांना संधी दिली, मग १६ फेब्रुवारीपासून सगळ्यांना खुलं. थेट डॉट इनच्या आधी नाव, कागदपत्रांची अट नाही, परदेशी माणसालाही मनाई नाही. मार्च २०१० पर्यंत नावांची संख्या ६ लाखांवर गेली, २०११ मध्ये १० लाख ओलांडली. आज ती ४० लाखांच्या आसपास आहे. परदेशी कंपन्याही यात आहेत. लिंक्डइनचे आखूड दुवे तुम्ही रोज दाबत असाल, त्यांच्या शेवटी आपलंच डॉट इन असतं, इंग्रजी शब्दाशी जुळतं म्हणून घेतलेलं. तंत्रज्ञान १९९५ मध्येही तेच होतं आणि २००५ मध्येही तेच. नियम सैल केले आणि आकडा हलला.

तांत्रिक यंत्रणा चालवणारी कंपनी त्यानंतर बदलत गेली. अफिलियासनंतर निविदेतून अमेरिकेची न्यूस्टार आली, न्यूस्टारचा हा व्यवसाय २०२० मध्ये गोडॅडीने विकत घेतला, आणि २०२४ मध्ये निक्सीने कॅनडाच्या टूकाउजची निवड केली. प्रत्येक वेळी लाखो नावांची वही एका कंपनीच्या यंत्रांतून दुसरीच्या यंत्रांत गेली. तुम्हाला कळलं? तुमच्या एकाही ग्राहकाला कळलं नसेल. आयानाच्या यादीत डॉट इनच्या पुढचे नेमसर्व्हर बदलले, संपलं. ‘आपल्या देशाचं नाव परदेशी कंपनीच्या यंत्रांवर कशाला?’ असं अनेक जण तावातावाने विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण वही आपली असेल, तिची प्रत आपल्याकडे असेल आणि करार आपण मोडू शकत असू, तर भाड्याच्या यंत्रांचं मला फार वाटत नाही. रजिस्ट्रीने वेळेवर उत्तर दिलं पाहिजे, दिवसरात्र.

काही कोपरे मात्र कधीच सगळ्यांना खुले झाले नाहीत. जीओव्ही डॉट इन एनआयसी ही केंद्र सरकारची संगणक संस्था सांभाळते आणि ते सरकारी कार्यालयांनाच मिळतं. एसी डॉट इन, ईडीयू डॉट इन आणि आरईएस डॉट इन अर्नेटकडे, शिक्षण आणि संशोधनासाठी. म्हणून सातबारा पाहायचा असो की परीक्षेचा निकाल, आधी शेवट पाहायचा. आता याच पंक्तीत बँका आल्या. रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केलं की बँकांनी बँक डॉट इन या टोकावर यायचं, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली, आणि नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवलं. वीस वर्षांपूर्वी सैल सोडलेली दोरी एका ठिकाणी पुन्हा आवळली, आणि इथे ती आवळायलाच हवी होती. फक्त लक्षात ठेवा, यंत्र उजवीकडून वाचतं तसं तुम्हीही उजवीकडूनच वाचायचं. पत्त्यात मधेच कुठे ‘बँक डॉट इन’ लिहून पुढे आणखी काही जोडलेलं असेल तर तो पत्ता बँकेचा नाही.

परत तुमच्या मुलाकडे येऊ. तो दुष्ट आहे असं धरून चालू नका. नोकरी लागली, जुनी कामं नकोशी झाली, एवढंच असतं बहुतेकदा. त्याच्या आईवडिलांना ओळखत असाल तर कायद्याच्या नोटिशीआधी त्यांना फोन करा. गावाकडे हा मार्ग माझ्या अनुभवात वकिलापेक्षा लवकर पोहोचतो. त्याच्याकडून काय मागायचं ते मात्र नेमकं मागा. ‘डोमेन दे’ म्हटलं की तो वेबसाइटच्या फाइली पाठवून देईल आणि तुम्ही खूश व्हाल. तुम्ही त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा, आणि त्याला सांगा की डोमेन या खात्यात ढकल आणि रजिस्ट्रंट म्हणून पेढीचं नाव घाल. पाच मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर आधी कुलूप काढावं लागतं, मग ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायला लागणारा सांकेतिक शब्द, मागावा लागतो, आणि मुदत तोंडावर आली असताना तो मार्ग मी टाळते. संपर्काचा ईमेल द्याल तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन अडकलं तर ते सोडवण्याचं पत्रही तिथेच अडकून पडेल. आणि खरी माहिती भरा. डॉट इनमध्ये दुसऱ्याच्या नावाआड लपण्याची सोय चालत नाही, पडताळणीचं पत्र आलं आणि उत्तर गेलं नाही तर नाव स्थगित होऊ शकतं.

तो पैसे मागायला लागला तर गोष्ट वेगळी. डॉट इनसाठी आयएनडीआरपी नावाची तंटा सोडवण्याची पद्धत आहे. निक्सीकडे तक्रार दाखल करायची, ती एक लवाद नेमते, आणि साधारण साठ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते नाव तुमच्या नावासारखं किंवा ट्रेडमार्कसारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वाईट हेतूने वापरलं. हा ‘किंवा’ महत्त्वाचा. डॉट कॉमच्या नियमांत ‘घेतलं आणि वापरलं’ अशी दोन्ही बाजूंची अट आहे. आपल्याकडे एक बाजू पुरते, त्यामुळे भल्या हेतूने घेतलेलं नाव नंतर अडवून धरलं तरी तक्रारीला जागा राहते. अर्थात फोन न उचलणं हा वाईट हेतू नव्हे. ‘पन्नास हजार दे, मग नाव देतो’ असा व्हॉट्सॲपवरचा निरोप असेल तर तो नीट जपा. लवाद नाव रद्द करू शकतो किंवा तुमच्याकडे देऊ शकतो, नुकसानभरपाई हवी तर कोर्ट. ट्रेडमार्कची नोंदणी असेल तर काम हलकं होतं. नसेल तर जुनी बिलं, बेदाण्याच्या पेट्यांवरची छपाई, बाजार समितीचा परवाना, जे जे पेढीचं नाव दाखवतं ते काढून ठेवा.

कोर्टांनी या बाबतीत आपल्याकडे लवकर भूमिका घेतली. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ मध्ये रेडिफचा खटला झाला, समोरच्याने एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असं डॉट कॉम घेतलं होतं. न्यायालयाने रेडिफच्या बाजूने मनाई हुकूम दिला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनच्या नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं असं ठरवून टाकलं. त्यामुळे रजिस्ट्रीच्या वहीत मालकी नसली तरी नावावर बसलेला तुमच्या धंद्याचा लौकिक कायद्याला दिसतो.

राहिला तिसरा प्रश्न, आणि तो विचारणारे तुम्ही एकटे नाही. २०२३ मध्ये जी-२०च्या निमंत्रणावर ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ छापलं गेलं तेव्हा माझ्याकडे आठवडाभर हेच फोन येत होते.

‘भारत’ हे टोक आधीपासूनच आहे, वेगळं. देवनागरीतलं डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुलं झालं, आणि ते एकाच वेळी हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांसाठी. तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती वगैरे लिप्यांतली टोकं निराळी, आता सगळ्या २२ भाषांची सोय आहे. ही सगळी तांत्रिकदृष्ट्या स्वतंत्र टोकं, डॉट इनचं भाषांतर नव्हे. तुमच्याकडे डॉट इन आहे म्हणून त्याच नावाचं डॉट भारत आपोआप तुमचं होत नाही. आतून नेमसर्व्हरला देवनागरी कळतच नाही. तुम्ही लिहिलेलं नाव ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या एका विचित्र साखळीत बदलून पाठवलं जातं. कुठल्या अक्षरानंतर कोणतं चालेल, कोणती दोन नावं दिसायला सारखी म्हणून एकच मानायची, हे नियम लिहिण्याचं किचकट काम पुण्याच्या सी-डॅकमधल्या जिस्ट गटाने केलं.

मराठीची यातली खास डोकेदुखी म्हणजे ‘वऱ्हाड’, ‘कऱ्हाड’ यांतला तो अर्धा र. दिसायला एकच, पण संगणकावर तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. दोन, साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोमेनच्या जुन्या नियमांत हे न दिसणारं चिन्ह गाळूनच टाकत, म्हणजे दुसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या वऱ्हाडाचा र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसे. २०१०च्या नियमांनी काही ठिकाणी त्याला परवानगी दिली, पण प्रत्येक रजिस्ट्री, प्रत्येक ब्राउझर ती मानेलच याची खात्री नाही. नावात असा र असेल तर पहिल्या प्रकारानेच लिहा, आणि दोनतीन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाइप करून पाहिल्याशिवाय पाटी रंगवायला देऊ नका.

डॉट भारत घ्यावं का? घ्या, महाग नाही. पण त्यावर धंदा उभा करू नका, डॉट इनकडे वळवून ठेवा. अडचण ईमेलची आहे. राजस्थान सरकारने २०१७ मध्येच राजस्थान डॉट भारतवर देवनागरी ईमेल देऊन पाहिले, यंत्रणा चालते हे दिसलं. पण तुमच्या बँकेच्या किंवा जीएसटीच्या फॉर्ममधला ईमेलचा रकाना देवनागरी पत्ता ‘चुकीचा’ म्हणून परत पाठवतो तेव्हा तुम्ही काय करणार? दोष डॉट भारतचा नाही, रकाना लिहिणाऱ्या प्रोग्रामरचा आहे, आणि त्याला तुम्ही ओळखत नाही.

आता खुद्द ‘इन’चं. देशाचं नाव बदललं म्हणून दोन अक्षरी खूण बदलतेच असं नाही. स्वाझीलँड २०१८ मध्ये इस्वातिनी झालं, खूण एसझेडच राहिली. झाईरचं काँगो झालं तेव्हा मात्र बदलली, आणि जुनं डॉट झेडआर २००१ मध्ये यादीतून गेलं. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू देश मोडल्यानंतरही बरीच वर्षं टिकलं आणि ३० मार्च २०१० ला निघालं. सोव्हिएत संघाचं डॉट एसयू तर देश जाऊन तीन दशकं उलटली तरी चालू आहे. पुण्यातल्या अनेक स्टार्टअपवाल्यांना सध्या डॉट आयओची काळजी लागली आहे. ती खूण हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाची, म्हणजे चागोस बेटांची, आणि ती बेटं मॉरिशसला देण्याचा करार ब्रिटनने मे २०२५ मध्ये केला. तिथेही खूण आयएसओच्या यादीतून निघेपर्यंत डोमेनला काही होत नाही.

आपल्याकडे संविधानाच्या पहिल्याच कलमात ‘इंडिया, अर्थात भारत’ असं लिहिलेलं आहे. इंग्रजी नाव बदललंच आणि सरकारने नवी खूण मागायची म्हटलं, तर आणखी एक गंमत आहे. रोमन लिपीत ‘भारत’ लिहून बीनंतर त्यातलं कुठलंही अक्षर घ्या. बीएच बहारीनचं, बीए बॉस्नियाचं, बीआर ब्राझीलचं, बीटी भूतानचं. चारही गेलेली. आणि एखादी खूण खरोखरच निवृत्त झाली तर काय करायचं याचा नियम आता आयकॅनकडे लिहिलेला आहे. रजिस्ट्रीला आवराआवर करायला पाच वर्षं मिळतात, विनंती मान्य झाल्यास दहा वर्षांपर्यंत.